नाला ओलांडणारी गाडी

आमचे दीर, इश्वर भाऊजी, यांनी एक मोटारसायकल पसंत करायला दोन वर्षं घेतली. तेवढ्या वेळात आमच्या गल्लीतल्या पोरींची लग्नं होऊन त्या पहिल्या बाळंतपणाला माहेरीसुद्धा आल्या, पण भाऊजींची गाडी काही दारात आली नाही. माणसाने एवढा वेळ बायको पाहायला घेतला तर लोक त्याला चोखंदळ म्हणतात, गाडी पाहायला घेतला तर म्हणतात याचं डोकं फिरलं. भाऊजींच्या बाबतीत या दोन गोष्टी मुळात एकच होत्या. ते मला ठाऊक होतं, मी पोटात ठेवलं. मागच्या हिवाळ्यात भाऊजी गेले. तेराव्याच्या पंगतीत चार माणसं त्या गाडीवरून हसली, तेव्हाच मी ठरवलं की हे एकदा लिहून काढायचं.

आंधळगावात आमचं घर मागाचं. घरचे, म्हणजे मारोतराव, कोशाच्या, टसर रेशमाच्या साड्या विणत. मी राखेच्या पाण्यात कोसे उकळून मांडीवर सूत काढी. आणि कोसे आणायचं काम धाकट्या भावाकडे, इश्वर भाऊजींकडे. उंच, हडकुळा माणूस. चालताना चपलेचा आवाज नाही, जेवताना तोंडाचा नाही. विसाव्या वर्षी लग्न झालं होतं. बायको पहिल्याच पावसाळ्यात तापाने गेली. त्यानंतर कुणी दुसऱ्या लग्नाचं काढलं की भाऊजी म्हणत, "पाहू." या एका शब्दावर त्यांनी चौदा-पंधरा वर्षं काढली. सासूबाई तो शब्द ऐकत ऐकतच गेल्या. मला मात्र त्यांचा रागच येई. घरात भरल्या ताटावर बसलेला माणूस असा एकटा दिसतो, हे रोज वाढणाऱ्या बाईला सोसत नाही.

कोसे मिळत लाखनीच्या पलीकडे, जंगलातल्या टोल्यांवर, दहा-वीस घरांच्या वस्त्यांवर. सायकल एसटीच्या टपावर टाकून भाऊजी लाखनीला उतरत. तिथून मोठ्या रस्त्याने ट्रकांच्या धुळीत काही कोस, मग बैलगाडीची चाकोरी, मग धानाच्या बांध्यांमधले अरुंद धुरे, आणि शेवटी तो नाला. नाला ओलांडला की खैरटोला. सायकल त्या नाल्यात खांद्यावर घ्यावी लागे. जायला एक दिवस, माल पाहायला एक, आणि कोशांची पोती घेऊन यायला दोन. कोसा वजनाला हलका, पण जागा खातो. पोत्यांमागे भाऊजी दिसत नसत, सायकल आपोआप चालत आल्यासारखी वाटे.

खैरटोल्यावर नत्थू मेश्राम हा त्यांचा जुना माणूस. ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडून कोसे पिकवणारा. या लोकांचं त्या दिवसांतलं सोवळं आपल्या देवघरापेक्षा कडक. अळ्या झाडावर असेपर्यंत राखणदार जंगलातच खोपीत राहतो, हाताने शिजवून खातो, अंगाला तेल लावत नाही, घरच्या बाईचं तोंड पाहत नाही. परक्या माणसाने नाल्याच्या अलीकडेच थांबायचं. टोल्यावरही कुणी पाहुणा येत नाही, सोयरिकीची बोलणी होत नाहीत. पाऊस लागला की टोला असा मिटून घेतो, तो दिवाळीला कोसे उतरल्यावरच उघडतो.

आणि कोशाच्या व्यापाराचीही एक रीत. ढीग अंगणात ओतला की घेणाऱ्याने त्याच्याजवळ गपचूप बसायचं. एकेक कोसा अंगठ्याने दाबायचा, कानाशी हलवायचा, बाजूला ठेवायचा. बोलायचं नाही. जो आधी तोंड उघडेल त्याची गरज उघडी पडते. देणारा कंटाळून बोलेपर्यंत बसायची ज्याची तयारी, तो खरा व्यापारी. आमचे भाऊजी या कामात फार नावाजलेले होते. नत्थू त्यांना सावजी म्हणे. तो सांगे, सावजी ढिगाजवळ बसले की झाडावरचं पाखरू बोलन, पन सावजी नाई बोलनार.

नत्थूची बहीण रुखमिणी. नवरा वारला म्हणून माहेरी, म्हाताऱ्या आईजवळ, पार्वताबाईजवळ राहायला आलेली. कोसे खाली उतरले की बाईने हात लावला तर चालतं, म्हणून निवडायला ती बसे. ढिगाच्या एका अंगाला भाऊजी, दुसऱ्या अंगाला ती. दोघंही मुकी. दोन-तीन दिवाळ्या अशाच गेल्या असतील. १९७६ सालच्या दिवाळीनंतर मात्र भाऊजी फेरीवरून आले आणि चुलीपाशी बसून, मी न विचारता, बोलले. मी सूत तसंच सोडलं.

"वैनी, त्या रुखमिणीबाईले म्या इचारलं, आंधळगाव पाह्यलं काय कधी म्हनून."

"मग?"

"म्हनल्या, नाई पाह्यलं जी. लय दूर आहे म्हन्तेत. तिकडं गेलं तं मायले पाहाले कोन येईन?"

"मग तुमी काय म्हनले?"

"काई नाई. बरोबरच आहे त्यायचं. चार दिवसाचा फेरा. म्हातारी मानूस."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. पस्तिशीला आलेला माणूस, आणि चेहऱ्यावर हळदीच्या दिवसाचं तेज. मला वाटलं आता म्हणतील, वैनी, तुमी दादाले सांगा. बोलले ते असं, "अशी गाडी पायजे जे सडकेनं धावन आन् नालाबी चढन. सकाळी निघून मायले भेटून संध्याकाळी वापस."

त्यांनी ठरवलंच. आधी गाडी. मग रुखमिणीबाईंना विचारायचं. तिने आईचं काढलं ती सहज बोललेली गोष्ट होती की अट होती, हे तपासायचं त्यांच्या मनात आलं नाही. त्यांनी ती अट धरली आणि व्यापाऱ्यासारखे पूर्ण करायला निघाले. जात वेगळी होती, घरात आरडाओरडा झाला असता, मारोतराव महिनाभर बोलले नसते, हे मी नाकारत नाही. पण मी भाऊजींच्या बाजूने उभी राहिले असते. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "पाहू. आधी गाडी."

घरात गाडीचा विषय निघाला तसा मारोतरावांना हुरूप आला. त्यांना स्कूटर हवी होती. पुढे पिशवी राहते, पाऊल स्वच्छ राहतं, मोहाडीच्या बाजारात माणूस दिसतो. भाऊजींनी स्कूटरचं चाक पाहिलं, वीत लावून मापलं, म्हणाले, "दादा, हे चाक नाल्यातल्या दोन गोट्यांच्या मधात बसून जाईन. मंग खांद्यावर घ्याव लागन." स्कूटरला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत, ती गोष्ट वेगळीच. भावाभावांत आठवडाभर अबोला झाला. भाऊजींच्या बाजूने तो कळलाही नाही.

मग त्यांनी लोकांच्या गाड्या पाहायला सुरुवात केली. चिखल्याच्या खाणीवर भैय्यालाल नावाचा त्यांचा शाळेतला दोस्त होता. मँगनीजचे ट्रक चालवी, स्वतःला बुलेट ठेवलेली. भाऊजी दोन दिवस चिखल्याला राहिले आणि खाणीच्या मातीने लाल-काळे होऊन परत आले. बुलेट सडकेवर राजासारखी जाते म्हणाले. बसल्यावर वाटतं आपण कुणीतरी आहोत. पण खाणीमागच्या चढावर ती आडवी झाली, तेव्हा एकट्याने उभी करता येईना. भैय्यालाल हसत बसला. गाडीत काही खोट नव्हती, आमचे भाऊजीच अंगाने काडी. "नाल्यात पडली तं मी काय बाईमानसाले म्हनू, उतरा आन् उचला?" ते म्हणाले. मी म्हटलं, कोशाच्या पोत्यांना बाईमाणूस कधीपासून म्हणायला लागले? ते लाजले आणि पाणी प्यायला उठले.

भंडाऱ्यात घनश्याम म्हणून एक बियाण्यांचे दुकानदार होते, त्यांची येझदी. ती भाऊजींना मनापासून आवडली होती. आवाज गोड, पळायला चपळ. ज्या दांडीने किक मारायची तीच दांडी पुढे गिअरची, हे तर ते आठ दिवस कौतुकाने सांगत होते. पण दोन्ही बाजूंना लांबलचक सायलेन्सर, आणि तेही खाली. भाऊजींनी वैनगंगेच्या काठी वाळूत बसून, सायलेन्सर जमिनीपासून किती उंच, हे काडीने मोजलं. नाल्याचं पाणी कार्तिकात गुडघ्याच्या थोडं खाली असतं, ते त्यांनी पायावर खूण करून ठेवलं होतं. दोन्ही मापं जुळली नाहीत. घनश्यामशेठ म्हणाले, अहो, गाडी आहे, होडी नाही. भाऊजींनी मान हलवली आणि काडी खिशात घातली.

राहिली राजदूत. लाखनीचा सेवकराम दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून तीवर गावोगाव फिरे. धुऱ्यावरून, चिखलातून, गुरांच्या वाटेवरून. दिसायला साधी, हलकी, पडली तर एका हाताने उभी राहते. सडकेवर ट्रकाला मागे टाकायची तिची हौस नव्हती, भाऊजींचीही नव्हती. मी म्हटलं, झालं मग, आणा. तर नाही. एका हंगामात पाहून काय होतं? कोसा सुका पाहायचा, ओला पाहायचा, तसं गाडीचंही. उन्हाळ्यात धुळीत कशी चालते, पावसात कशी, आणि मागे माणूस बसल्यावर कशी, हे पाहिल्याशिवाय ते घेणार नव्हते.

मागे बसायला माणूस कुठून आणायचा? एके दिवशी सेवकरामची गाडी मागून घेऊन ते दारात आले. "वैनी, जरा बसून पाह्यता काय?"

मी लुगडं आवरून एका बाजूने बसले. अख्खी गल्ली ओट्यांवर आली. गावामागच्या बोडीच्या, लहान तळ्याच्या पाळीवरून त्यांनी मला नेलं, मग धानाच्या बांधीत उतरवलं, मग पुन्हा पाळीवर चढवलं. दर थोड्या वेळाने थांबून विचारत, "वैनी, धक्का कुठं लागते?" मी म्हटलं, कुठं लागत नाही ते विचारा. पाय कशावर ठेवता, लुगडं चाकाकडे जाते काय, धरायला काही आहे काय, असं त्यांनी इतक्या बारकाईने विचारलं की शेवटी मला हसू यायचं थांबलं. ते माझ्याशी बोलत नव्हते. मागच्या सीटवर कुणी दुसरीच बसलेली होती आणि तिला कुठे खरचटू नये याची त्यांना काळजी होती. मी खाली उतरून म्हटलं, "भाऊजी, गाडी चांगली आहे. आता जा आणि बोला."

"कोसे उतरल्याबिगर कसं जाऊ? काम नाई काई नाई, मानूस कायले आला म्हन्तीन."

ती १९७७ची दिवाळी आली. ते गेले, पण सायकलने. गाडी अजून हाती नव्हती. ढिगाजवळ बसले, कोसे निवडले, बोलले काही नाही आणि परत आले. रुखमिणीबाई बऱ्या आहेत, एवढंच मला सांगितलं. मी त्या दिवशी भांडी जरा जोरात आपटली.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी शेवटची परीक्षा घेतली. भर भादव्यात सेवकरामची राजदूत घेऊन लाखनीहून नाल्यापर्यंत गेले. पलीकडे टोल्याचं सोवळं चाललेलं, ओलांडायचं नव्हतंच. नाल्याला पाणी किती, चिखल किती, हे अलीकडूनच पाहिलं. पलीकडे घरांच्या कवेलूंतून धूर निघत होता. थोडा वेळ गाडी बंद करून उभे राहिले आणि वळून आले. घरी आले ते कमरेपर्यंत चिखलात आणि फार खुशीत. "हेच घ्याची," म्हणाले. मी गरम पाणी काढून दिलं. एवढ्या पावसात, एवढ्या लांब, एक माणूस दुसऱ्याच्या घराचा धूर पाहून परत येतो, आणि त्याला ते पुरेसं वाटतं. मला ते पाणी ओतताना रडू आलं, हे मी त्यांना कळू दिलं नाही.

दसऱ्याला राजदूत दारात आली. मारोतरावांचा राग गाडी पाहून निवळला, तेच आधी फेरी मारून आले. मी ओवाळलं, हँडलला झेंडूचा हार घातला. दिवाळी झाली, टोला उघडला, मी हँडलला ताजा हार घातला आणि भाऊजी नवा सदरा घालून निघाले. पोती घेतली नव्हती. मी ते पाहिलं आणि देवाजवळ दिवा लावून बसले.

तिथे काय झालं ते त्यांनी मला पुढे तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. नाला गाडीने एका दमात ओलांडला. पोरं धावत आली. नत्थू जंगलातून नुकताच घरी आलेला, खुशीत होता, पीक चांगलं आलं होतं. त्याने गाडीभोवती फिरून हात लावून पाहिलं आणि म्हणाला, "सावजी, तुमाले सांगाचं राहूनच गेलं. रुखमिणीचा पाट लावून देल्ला वैशाखात. पाथरटोल्याचा चिंधू, बायको मेली होती त्याची. भला मानूस आहे, बैलजोडी आहे."

वैशाखात टोला उघडाच होता. भाऊजी गेले नव्हते, कारण उन्हाळ्यात कोसे नसतात. कोसे नाहीत तर जायचं कसं?

ते म्हणाले, "बरं झालं." ढीग ओतला होता म्हणून त्याच्याजवळ बसले. पलीकडच्या अंगाला पार्वताबाई येऊन बसली. तिला निवडायला नीट दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने तीच बोलली. "बाबू, तुमची गाडी पाथरटोल्याले जाते काय? पोरीले पाहून लय दिवस झाले. डोंगराआडून वाट आहे, मायाच्यानं चालवत नाई."

भाऊजींनी तिला मागे बसवलं. कसं बसायचं, पाय कुठे ठेवायचा, कशाला धरायचं, सगळं सांगितलं. ते त्यांचं पाठच होतं. हँडलचा हार काढायचं राहून गेलं. पाथरटोल्याच्या बायका दारात येऊन पाहू लागल्या की ही म्हातारी कुणाच्या लग्नाची गाडी घेऊन आली. रुखमिणीबाई आल्या, आईच्या गळ्यात पडल्या. यांना म्हणाल्या, "बसा जी सावजी." पाणी दिलं. गाडीकडे पाहून म्हणाल्या, "चांगली आहे."

"हाव," भाऊजी म्हणाले. दोघांमध्ये एवढंच बोलणं झालं.

मला वाटलं होतं, आता गाडी विकतील. मी तर म्हटलंही, मारोतरावांना देऊन टाका. पण त्यांनी ती ठेवली. दर फेरीला आधी खैरटोला, तिथून पार्वताबाईला मागे बसवून पाथरटोला. म्हातारी लेकीजवळ राही, हे परत फिरत, चार-आठ दिवसांनी तिला घ्यायला पुन्हा जात. पुढे पुढे तर उन्हाळ्यातही जाऊ लागले. कोसे नसताना, काहीच काम नसताना. आता जायला त्यांना काही अडचण वाटत नव्हती, आणि मला हेच सगळ्यात जास्त लागायचं. लाखनीच्या चहाच्या टपरीवर लोक म्हणत, सावजीने म्हातारी बायको केली. भाऊजी चहा पिऊन गाडीला किक मारत. रुखमिणीबाईंना एक पोरगा झाला, मग पोरगी. भाऊजी त्यांच्यासाठी लाखनीहून चिवडा घेऊन जात. चिंधू भला माणूस होता, भाऊजींना जेवल्याशिवाय जाऊ देत नसे. कुणाचंच काही वाईट झालं नव्हतं. एक आमच्या घरातल्या माणसाचं सोडून.

घरी आले की ओसरीवर एकटे बसत. मारोतराव मागावर, मुलं शाळेत, मी चुलीपाशी. पुढे पुढे तर मी लग्नाचं विचारलं तरी "पाहू" म्हणत नसत. नुसतं हसत.

१९८५च्या हिवाळ्यात भंडाऱ्याला डोळ्यांचं शिबिर होतं. पार्वताबाईच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. भाऊजींनी तिला नेऊन ऑपरेशन करवलं आणि पट्टी सुटेपर्यंत आमच्याच घरी आणलं. नत्थूकडे चुलीच्या धुरात डोळा बिघडेल म्हणाले. आमच्या घरात काय चूल नव्हती? पण मलाही तिला पाहायचं होतं. इतकी वर्षं त्या सीटवर बसणारी म्हातारी कशी आहे, म्हणून.

वाळलेली, हसरी बाई. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसे आणि माझ्याशी बोलत राही. डोळ्यावर पट्टी, त्यामुळे समोर कोण आहे ते आवाजावरून ओळखायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजी मागाच्या खोलीतून आत आले, पाटावर बसले. मी ताट वाढलं. त्यांच्या येण्याचा आवाज कधीच होत नसे. म्हातारी आपल्याच नादात होती.

"एक इचारू काय बाई? तुमाले राग नाई येईन?"

"विचारा ना माय."

"माया रुखमिणीच्या वक्ताले तुमच्या घरचे नाई म्हनले होते काय?"

माझ्या हातातला चमचा भातातच राहिला. भाऊजींनी वर पाहिलं.

"सावजी कोसे निवडाले बसत," ती सांगू लागली, "पोरगी सामने बसे. पोरगी काई सांगत नोहती, पन मायले समजते. आमच्यात बाईच्या अंगानं बोलनं बरं नाई दिसत, मानसानंच बोलाव लागते. म्या म्हनलं, आज बोलतीन, उद्या बोलतीन. एकापाठी एक दोन ठिकानं आली, म्या दोनी परत धाडली. नत्थू मायावर चिडला. दोन साल थांबवली म्या पोरीले. मंग म्हनलं, मोठे लोक आहेत, घरचे नाई म्हनले असतीन. चिंधूले हो म्हनलं. वैशाखात पाट लागला तवा पोरगी सडकेकडं पाहून राहिली होती बाई. म्या तिले इचारलं नाई, काहून पाह्यतं म्हनून."

घरात तेव्हा कुणी नाही म्हटलं नव्हतं. घरात कुणाला विचारलंच नव्हतं.

"घरच्यायनं नाई म्हनलं नोहतं, माय," भाऊजी बोलले.

म्हातारी दचकली. हात पुढे करून चाचपडू लागली. "सावजी? तुमी कवा आले?"

"मी गाडी पाहून राहिलो होतो."

"कोनती गाडी?"

"हेच. रुखमिणी म्हनल्या होत्या, मायले पाहाले कोन येईन. तं नाला चढन असी गाडी पायजे होती. मी ते पाहून राहिलो होतो, दोन साल."

इतक्या वर्षांत मी त्यांना मनातलं असं एका दमात बोलताना ऐकलं नव्हतं. म्हातारीने चाचपडणारा हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. पट्टीखालून पाणी येऊ लागलं, तसं मी म्हटलं, माय, डोळ्याला त्रास होईल. तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. जिकडून भाऊजींचा आवाज आला होता तिकडे तोंड करून ती म्हणाली,

"गाडी कायले पायजे होती, बाबू? ते पायी आली असती. आन् तिच्यामागं मी बी आली असती."

भाऊजींनी ताट हळूच बाजूला सारलं. त्यांच्या पानात भात उरलेला मी त्या एकाच दिवशी पाहिला.